घड्याळकाकांचे हरवलेले थेंब

एक

डॉक्टरीणबाईंनी घड्याळकाकांच्या डोळ्याचा दाब मोजला. आकडा भलताच चढलेला. त्यांनी यंत्र पुसलं, काकांना मान सैल सोडायला सांगितली आणि पुन्हा मोजला. आकडा जागचा हलेना.

"काका, थेंब बंद केलेत का हो?"

"बंद?" काका दुखावलेच. "डॉक्टर, मी जेवण विसरेन एकवेळ. थेंब नाही विसरणार."

खोटं बोलणारा माणूस नव्हताच तो. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी काठी लागून एक डोळा गेलेला. उरलेल्या एकावर भिंग चढवून त्यांनी सारा संसार उभा केला होता, आणि नेमका त्याच डोळ्यात काचबिंदू निघाला होता. थेंब सुरू झाले, दाब छान उतरला, आणि "आता काय, सगळं ठीक आहे" म्हणत काका जवळजवळ वर्षभर तपासणीला फिरकलेच नव्हते. आजही आले ते कशाला, तर चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो आणि बाजूला उभं राहिलेलं गिऱ्हाईक दिसत नाही म्हणून.

"मी स्वतः घालते ना थेंब," शेजारी बसलेल्या काकू घाईघाईने म्हणाल्या. "तुम्ही शिकवलंत तस्संच. मान मागे, खालची पापणी ओढायची, एक थेंब, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. तुम्ही दोन मिनिटं म्हणाला होतात. मी मनात माझी प्रार्थना म्हणते, तेवढ्यात होतं."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्यांच्याकडे येणाऱ्या इतक्या माणसांत कोपरा दाबायचं लक्षात ठेवणारी ही एकटीच बाई. औषध नाकात उतरून वाया जाऊ नये म्हणून तो दाबायचा असतो, पण ऐकतो कोण!

मग चुकतंय कुठे?

त्या पुन्हा भिंगाच्या यंत्रावर वाकल्या. या औषधाने डोळा थोडा तरी तांबूस राहतो. काकांचा डोळा लख्ख पांढरा होता. आणि पापण्या? त्या औषधाचा एक वेगळाच गुण असतो, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. मागे काका वैतागून सांगायचे, "डॉक्टर, या डोळ्याच्या पापण्या भिंगाला घासतात. हिला सारख्या कातराव्या लागतात." आज मात्र दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सारख्या होत्या. विरळ, आखूड, वयाला शोभणाऱ्या.

म्हणजे थेंब पडत होते, पण औषध पडत नव्हतं.

"बाटली आणलीय?"

काकूंनी पिशवीतून बाटली काढली. नाव बरोबर, तारीख बरोबर. डॉक्टरीणबाईंनी ती दिव्याखाली धरली. बाटलीच्या तोंडाशी, जिथे थेंब पाडणारी चोच बसवलेली असते तिथे, बारीक ओरखडे होते. कोणीतरी चोच उपटून पुन्हा बसवली होती.

"ही माझ्याकडे राहू दे," त्या शक्य तितक्या सहज म्हणाल्या. "आणि काका, आजपासून थेंब इथे येऊन घालून घ्यायचे. घरी नाही."

दोघं गेल्यावर त्यांनी एका काचेवर त्या बाटलीतला थेंब टाकला, दुसऱ्या काचेवर नव्या बाटलीतला. दोन्ही दिव्याखाली वाळवल्या. नव्या बाटलीच्या थेंबामागे पांढरट कडं राहिलं. काकांच्या बाटलीतला थेंब उडून गेला आणि मागे काच जवळजवळ कोरी राहिली.

पाणी! एका डोळ्यावर जगणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कोणीतरी रोज साधं पाणी पोचवत होतं.

दोन

"आत्याचे यजमान आहेत ते! मी त्यांना पाणी विकीन?"

काकूंचा भाचा औषधाच्या दुकानात बसत असे. काकांची बाटली दर महिन्याला तोच घरपोच करी. डॉक्टरीणबाईंनी विषय काढताच तो एवढ्या मोठ्याने बोलला की खोकल्याचं औषध घ्यायला आलेली बाई दोन पावलं मागे सरकली.

"विकतोस असं कुठे म्हटलं मी? बाटली कुठून येते एवढंच विचारलं."

"कंपनीकडून सीलबंद येते. मी तशीच नेऊन देतो. कधी आत्याच्या हातात, कधी वहिनीच्या, घरात जी असेल तिच्या." मग त्याने आवाज खाली आणला. "पण डॉक्टर, एक सांगू? या थेंबांना हल्ली फार मागणी आहे. काचबिंदू नसलेल्या मुली येतात विचारायला. पापण्या वाढवायच्यात म्हणे! चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की तोंड वाकडं करून जातात."

"कोण कोण आलं होतं?"

भाचा काउंटरवरची धूळ झटकू लागला. तिथे धूळ नव्हती.

"बोल की रे."

"आमच्याच घरातलं माणूस आहे. नाव नका घेऊ माझं." त्याने रस्त्यापलीकडे हनुवटी उडवली. "वहिनी आली होती. पार्लरवाली."

तीन

काकांचा मुलगा जहाजावर नोकरीला. त्याची बायको घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवी. दारावरच मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'दाट पापण्या करून मिळतील'. डॉक्टरीणबाई आत शिरल्या तेव्हा सूनबाई एका गिऱ्हाइकाच्या मिटलेल्या डोळ्यावर वाकून चिमट्याने एकेक केस चिकटवत होती. तिच्या स्वतःच्या पापण्या तर अशा, की डोळे मिचकावले तर वारा लागावा.

गिऱ्हाईक गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं, "या कशाने वाढल्या गं?"

"वाढल्यात कुठे? चिकटवल्यात. ओढून बघा, हातात येतील." सून खळखळून हसली. "माझी पाटी आहे ती. मीच बोडकी राहिले तर येणार कोण?"

"आणि भाच्याकडे थेंब मागायला गेली होतीस ते?"

हसू थांबलं. "सांगितलं का त्याने? चुगलखोर मेला! एका गिऱ्हाइकाने विचारलं म्हणून चौकशी केली. चिठ्ठी लागते म्हणाला, मी विषय सोडला. मला माझा धंदा चालवायचाय, कोणाचे डोळे नाही घालवायचे."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची नजर उघड्या खणाकडे गेली. कापसाच्या गुंडाळीआड एक छोटी पांढरी बाटली होती. काकांच्या बाटलीसारखी. अगदी तेवढीच.

त्यांनी हात घालून ती उचलली.

"अहो, ती माझी आहे! चिकटवायच्या गोंदाच्या वासाने डोळे कोरडे पडतात माझे," सून म्हणाली. बाटलीवर नाव होतं कोरड्या डोळ्यांच्या साध्या थेंबांचं, आणि तिची चोच मुळातच हललेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती मुकाट्याने परत ठेवली. थोड्या खजीलही झाल्या.

"तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला," सून आता ताठ उभी होती. "या घरात काही बिघडलं की पहिलं बोट माझ्याकडे. माझी नणंद घारी, तिचे पापण्यांचे केस गळले तेव्हापासून सासूबाई मला तिच्या तोंडाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

"घारीचे गळले होते?"

"मीच खोट्या पापण्या चिकटवल्या होत्या तिला. गोंद बाधला. खाज सुटली, तिने ओढून काढल्या, त्याबरोबर तिच्या स्वतःच्याही गेल्या. माझी चूक होती, आधी हातावर लावून बघायला हवं होतं. कबूल केलं मी. पण आता जाऊन बघा तिला! माझ्या चिकटवलेल्या लाजतील अशा आल्यात. विचारलं तर म्हणते, एरंडेल तेल." सूनबाईने नाक उडवलं. "एरंडेलाने असं पीक येत असतं तर मी पार्लर बंद करून तेलाची घाणी काढली असती!"

चार

नणंदेचं घारी हे टोपणनाव तिच्या डोळ्यांवरून पडलं होतं. हिरवट, मध्ये सोनेरी छटा, कडेला जरासा तपकिरी रंग. चौकातल्या चष्म्याच्या दुकानावर तिच्याच डोळ्यांचं भलंमोठं चित्र लावलं होतं आणि दवाखान्याच्या खिडकीतून ते रोज दिसे. नव्या चष्म्यांसाठी तिचे आणखी फोटो काढायचे ठरले होते.

डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. वडिलांना काचबिंदू असला की मुलांनी तपासून घ्यावं, हे कारण खरंही होतं.

घारी आली. पापण्या खरोखर अशा लांब, काळ्याभोर, की बघत राहावं. डोळे घारेच. यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसली आणि भिंगातून बघताच डॉक्टरीणबाई चपापल्या. बुबुळाभोवती एक पातळशी कड तरंगत होती.

"लेन्स लावल्यास? नंबर कधी आला तुला?"

"नंबर नाही. अशाच."

"काढ बघू."

"राहू दे ना, डॉक्टर..."

"काढ, बाळ."

घारीने मान खाली घालून एक लेन्स काढली, मग दुसरी. वर पाहिलं. खिडकीबाहेर चित्रातले डोळे हिरवट सोनेरी चमकत होते. समोरचे डोळे तपकिरी होते. पार मातीसारखे.

"हळूहळू झाले," ती पुटपुटली. "आधी मला भास वाटला. मग मी आधीच्या रंगाच्या लेन्स आणल्या. घरात कोणालाच ठाऊक नाही. डॉक्टर, पुन्हा होतील ना पहिल्यासारखे?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या चेहऱ्यावरचा लेप ओल्या कापसाने हळूच पुसला. पापण्यांची कातडी काळवंडली होती, डोळे जरा खोल गेल्यासारखे वाटत होते आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, गालाच्या हाडावर, बारीक मऊ लव उगवली होती. तिच्या डोळ्यांचा दाब मोजला तर तो चांगलाच उतरलेला.

बापाच्या डोळ्यात जे असायला हवं होतं, ते सगळं लेकीच्या डोळ्यात होतं!

"काय लावतेस?"

"एक सीरम आहे. पापण्यांचं. कोणी दिलं ते विचारू नका, मी शब्द दिलाय. साधं आहे, अगदी सुरक्षित आहे म्हणून सांगितलंय मला."

ती खोटं बोलत नव्हती. बापाच्या थेंबांचं तिच्या गावीही नव्हतं, हे त्या उतरलेल्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बरं, नाव नको सांगूस. कसं लावतेस तेवढं दाखव." डॉक्टरीणबाईंनी कोरड्या डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली तिच्या हातात दिली आणि बघत राहिल्या.

घारीने मान मागे टाकली. खालची पापणी ओढली. एक थेंब सोडला, तो भरून बाहेरच्या कोपऱ्यातून गालावर ओघळला. तिने डोळा मिटला, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला, आणि तिचे ओठ आवाज न करता हलू लागले. ती प्रार्थना म्हणत होती.

चोर सापडला होता. सापडला नसता तर बरं, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

पाच

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. काका आपल्या खुर्चीत, काकू दाराशी, सूनबाई हाताची घडी घालून, घारी लेन्सशिवाय, आणि भाचा दुकान अर्धं बंद करून आलेला. घारीचे डोळे बघून काकूंनी तोंडावर पदर धरला होता, तो काढलाच नव्हता.

"काकांच्या बाटलीत पाणी होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी सांगितलं ना, मी सीलबंद..." भाचा उसळला.

"बस खाली. तू पाणी विकलं असतंस, तर घारीचे डोळे काळवंडले नसते. दुकानातून खरंच औषध आलं. दुकानापासून काकांच्या डोळ्यापर्यंतच्या वाटेत ते वळलं आणि दुसऱ्या डोळ्यात गेलं."

"माझ्या औषधावर आले होय हे केस?" काका लेकीकडे बघत राहिले.

"बाबा, देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं!"

"नव्हतंच," डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग आता माझी पाळी," सूनबाई कोरडेपणाने म्हणाली.

"नाही गं. तुझी तर नाहीच. या जातीचं औषध पापण्या वाढवायला देतात, हे खरं. पण डॉक्टर ते देतात डोळे तपासून, आणि लावायचं असतं फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी, प्रत्येक वेळी नवी कुंचली घेऊन. डोळ्यात घालायचं नसतं, जास्तीचं टिपून घ्यायचं असतं, कारण ओघळेल तिथे केस उगवतात. तुझ्यासारखी कसबी बाई असती तर रेघ आखावी तसं लावलं असतं. घारीने चोरून वापरलं असतं, तरी कुठेतरी वाचून कुंचलीच घेतली असती. पण घारीला कोणीतरी शिकवलंय थेंब डोळ्यात टाकायला. काचबिंदूचा थेंब टाकतात तसा. वर नाकाजवळचा कोपरा दाबायलासुद्धा. पापण्यांसाठी कोपरा दाबायला जगात कोणी सांगत नाही. ते मी सांगते, माझ्या पेशंटना. आणि त्यातलं एकच माणूस ते नेमाने करतं. घड्याळ न बघता, मनात प्रार्थना म्हणत."

त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहिलं.

"मीच," पदराआडून आवाज आला.

"आई?" घारी आणि सूनबाई एकदमच म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणाला होतात ना डॉक्टर, दाब आता अगदी छान आहे? मला वाटलं, बरं झालं यांचं. ताप उतरला की गोळी थांबवतो तसं." काकू भिंतीला टेकल्या. "पोरीच्या पापण्यांचे केस गेलेले. आरशासमोर बसून रडायची. आणि यांच्या मात्र वासरासारख्या वाढलेल्या, मी कातरून कातरून टाकत होते! म्हटलं, यांना आता नकोय ते औषध, तिला होईल. यांच्या चिमट्याने चोच काढायची आणि दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवायचं."

"पण पाणी कशाला घातलंस?" काका इतक्या हळू म्हणाले की भाच्याने मान पुढे काढली.

"थेंब बंद म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंत तुम्ही! तुमचं सगळं वेळच्या वेळी लागतं. म्हटलं मन राहील. पाणीसुद्धा उकळून गार केलेलं होतं हो..." आणि त्या भिंतीशीच खाली बसल्या.

डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "काकू, काचबिंदू बरा होत नाही. त्याला रोज दाबून ठेवावं लागतं. दाब छान होता तो थेंबांमुळे. आणि उकळलेलं पाणीसुद्धा उघड्या बाटलीत महिनाभर शुद्ध राहत नाही, त्यातून डोळ्यात जंतू जाऊ शकले असते. देवाने राखलं."

"यांची नजर?"

"गेली ती बाजूची नजर परत येणार नाही. पण समोरची शाबूत आहे. दवाखान्यात थेंब सुरू केल्यापासून दाब उतरायला लागलाय. आता खंड पडला नाही, तर काकांचं भिंग सुटणार नाही."

"आणि माझे डोळे?" घारीने विचारलं.

"थेंब आजच बंद कर. कातडीचा काळेपणा हळूहळू जाईल, लव गळेल, खोल गेलेले डोळेही बरेचसे भरून येतील. या लांब पापण्याही टिकणार नाहीत, पहिल्यासारख्या होतील. बुबुळाचा रंग मात्र बहुतेक असाच राहील. तुला खोटी आशा नाही लावणार मी."

घारी रडायला लागली. मग सूनबाईच उठली आणि तिच्या शेजारी जाऊन टेकली. "रंग गेला तर गेला. बापावर गेलीस म्हणू. फोटोवाला कटकट करायला लागला तर त्याला माझ्याकडे पाठव."

घारी रडता रडता हसली.

सहा

दाब जागेवर आला तसं डॉक्टरीणबाईंनी काकांना घरी थेंब घालायची परवानगी दिली आणि पहिल्या दिवशी स्वतः जाऊन बसल्या.

सूनबाईने नवी सीलबंद बाटली सासऱ्यांसमोर उघडली. "मी घालते," ती म्हणाली.

"नाहीतर मी," घारी म्हणाली.

काकू स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. त्या दिवसापासून काकांशी त्या कामापुरतंच बोलत होत्या आणि औषधाच्या फळीकडे बघतही नव्हत्या. "पोरींना घालू दे," त्या तिथूनच म्हणाल्या. "माझा हात आता त्या बाटलीला लागायला नको."

काकांनी सुनेच्या हातातून बाटली घेतली. खुर्चीत मागे रेलले आणि बाटली दाराच्या दिशेने पुढे धरली. काकू ज्या बाजूला उभ्या होत्या तिकडचं त्यांना आता दिसत नव्हतं, तरी हात बरोबर त्यांच्याकडेच गेला.

"या घरात हिच्याशिवाय कोणाच्या हातचा थेंब घेतलाय मी?"

"अहो, मी तुमच्या डोळ्यात..."

"ठाऊक आहे काय घातलंस. आता औषध घाल."

काकू आल्या. बाटली घेतली. खालची पापणी ओढली, पण थेंब डोळ्यात पडायचा तो भुवईवर पडला. त्यांनी बाटली खाली केली आणि सुनेकडे पाहिलं. सूनबाई जागची हलली नाही.

काकांनी पापणीही लवू दिली नाही.

"परत," ते म्हणाले.